हातातली वस्तू, अंगातली लकब

दिल्लीत आमच्या तालमीला नवीन कुणी आलं, की पहिल्या दिवशी मी संहिता हातात देत नाही. पिशवी उघडायला सांगते. संकोचत एकेक वस्तू बाहेर येते. मेट्रोचं कार्ड, अर्धी संपलेली पाण्याची बाटली, खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी, भाड्याच्या खोलीची किल्ली, आईने घडी घालून दिलेला रुमाल, कधी परभणीहून आलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. मग विचारते, ही पिशवी मेट्रोत राहिली आणि परक्याला सापडली, तर त्याला तुमच्याबद्दल काय कळेल? कोण एकटं राहतं, कोण काटकसरी आहे, कोण दुखण्याला घाबरतं, कुणाचा जीव घराकडे लागलाय, हे एक शब्दही न बोलता टेबलावर मांडलेलं असतं. त्यानंतरचा गृहपाठ ठरलेला: तुमच्या वाट्याला आलेल्या पात्राची पिशवी भरून आणा.

हा लेख त्या गृहपाठाबद्दल आहे. दिल्ली, नोएडा, गुडगाव, गाझियाबाद, फरिदाबाद या पट्ट्यात राहून मालिका-वेबमालिकांत छोट्यामोठ्या भूमिका करणाऱ्या, किंवा त्यांच्या कलाविभागात राबणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी तो लिहिते आहे.

दोन शब्द आधी लावून घेऊ. नटाने स्वतःच्या अंगातून पात्राला दिलेली सवय, हाताची चाल, बोलण्याची ढब, ही लकब. आणि सेटवरची, हाताळता येणारी प्रत्येक चीज म्हणजे प्रॉपर्टी. इथे तिला नुसती वस्तू म्हणते. नाटकात दहाव्या रांगेपलीकडे चेहरा नीट पोचत नाही, आवाज आणि देह पोचतो. टीव्हीत कॅमेरा नखांपर्यंत येतो, आणि तेच पात्र आठवड्यामागून आठवडे त्याच घरात, त्याच खुर्चीत दिसतं. त्यामुळे वस्तूंची आणि लकबींची प्रेक्षकाशी हळूहळू ओळख होत जाते, शेजाऱ्याच्या दाराबाहेरच्या चपला आपल्याला ओळखू येतात तशी.

गाजर काय करतं?

१९८५ साली दूरदर्शनवर ‘करमचंद’ आली. तिच्यातला गुप्तहेर करमचंद झालेले पंकज कपूर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेले, आणि त्याच्या मदतनीस किटीचं काम करणाऱ्या सुश्मिता मुखर्जीही तिथल्याच. गुप्तहेर म्हटलं की पाइप किंवा सिगारेट हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. करमचंदच्या हातात होतं गाजर. ज्यांना त्या मालिकेतली एकही केस आज आठवत नाही, त्यांनाही गाजर आठवतं.

ते नुसतं मजेशीर होतं म्हणून टिकलं, असं मला वाटत नाही. त्या गाजराला काम होतं. समोरच्याने उत्तर दिलं, की करमचंद लगेच बोलत नाही, तुकडा तोडतो. त्या दोन क्षणांत संशयित अस्वस्थ होतो आणि प्रेक्षक विचार करतो. म्हणजे एका वस्तूने पात्राला विचार करायची जागा दिली, आणि समोरच्या नटाला प्रतिक्रियेची. शिवाय दिल्ली-पंजाबकडच्या हिवाळ्यात लाल गाजराचे ढीग गल्लोगल्ली असतात, म्हणून हा हुशार माणूस लोकांना परका वाटला नाही.

तेव्हा वस्तू निवडताना पहिला प्रश्न हा: हिने दृश्यात काय घडतं? उत्तर ‘छान दिसते’ एवढंच असेल, तर ती सेटवर मागे कुठेतरी ठेवा, हातात घेऊ नका.

याच पंकज कपूरची २००१ सालची ‘ऑफिस ऑफिस’ तर अभ्यासाला घ्यावी अशी आहे. सरकारी कचेरीत हेलपाटे घालणारा मुसद्दीलाल आणि त्याला फिरवणारे कर्मचारी. त्यात भाटियाचं काम दिल्लीच्या रंगभूमीवर घडलेल्या मनोज पाहवांनी केलं. भाटियाचं तोंड खाण्यात गुंतलेलं. शुक्लाचं काम नाट्य विद्यालयाच्याच संजय मिश्रांनी केलं. त्याच्या तोंडात पान. आपल्या आसावरी जोशींच्या उषा मॅडमकडे वस्तूपेक्षा एक लाडका शब्दप्रयोग जास्त. आता हे पाहा, की ज्याच्या तोंडात सतत काहीतरी आहे, त्याला उत्तर देता येत नाही. सामोसा आणि पान ही त्या कचेरीची अर्जदाराला टाळण्याची हत्यारं आहेत. लेखकाने लिहिलेला टाळाटाळीचा संवाद नसता, तरी त्या दोन वस्तूंनी तो बोलला असता. पात्रं अनेक आणि प्रत्येकाला वेळ थोडा, अशा मालिकेत प्रत्येकाच्या वाट्याला एकच खूण यावी. तुमच्या सहकलाकाराने आधीच खाण्याची वस्तू घेतली असेल, तर तुम्ही दुसरं काहीतरी शोधा. एका टेबलावर दोन खादाड बसले की दोघेही विसरले जातात.

स्वतःच्या कपाटातून

अमेरिकेतल्या ‘कोलंबो’ मालिकेतल्या हवालदिल दिसणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा चुरगळलेला रेनकोट जगभर ओळखीचा झाला. तो पीटर फॉक या नटाचा स्वतःचा होता, न्यूयॉर्कमध्ये पावसात सापडल्यावर विकत घेतलेला. त्या पात्राची खिळखिळी प्यूजो मोटारही त्याने स्टुडिओच्या आवारातल्या गाड्यांतून स्वतः निवडली. टेली सावालास सिगारेट सोडायच्या प्रयत्नात होता, म्हणून ‘कोजॅक’च्या तोंडात लॉलीपॉप आला. नटाच्या खऱ्या आयुष्यातली गोष्ट पात्राच्या अंगावर चढली, की ती नवी कोरी वाटत नाही, वापरून मऊ झालेली वाटते. हा मऊपणा दुकानात मिळत नाही.

तुमच्याकडे असं काय आहे? बहुतेक मुलं म्हणतात, काही नाही. मग मी त्यांना नोकरीबद्दल विचारते. ‘वागले की दुनिया’तला मध्यमवर्गीय वागळे रंगवणारे अंजन श्रीवास्तव बँकेत नोकरी करत होते, आणि ‘सीआयडी’चे एसीपी प्रद्युम्न म्हणजे आपले शिवाजी साटमही बँकेतलेच. बँकेत बसलेला माणूस रोज शेकडो चेहरे काउंटरच्या जाळीतून बघतो. कोण घाईत आहे, कोण लाजतोय, कोण खोटी सही करतोय. अभिनयाची ही शिदोरी कुठलंही विद्यालय देऊ शकत नाही. तुम्ही गुडगावच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी केली असेल, तर गळ्यातलं ओळखपत्र पहाटे चार वाजता कसं ओझं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. वडील एसटीत वाहक असतील, तर बोटांच्या बेचक्यात नोटा कशा धरतात ते तुमच्या हाताला येईल. ते आणा.

शिवाजी साटमांचंच बघा. हवेत फिरणारा पंजा, काहीतरी बिनसलंय हे सांगणारी ती बोटं. वस्तू एकही नाही. १९९८ साली सुरू झालेल्या मालिकेत दोन दशकं ती खूण टिकली, आणि पोरंसोरंही तिची नक्कल करत होती. तुमची लकब ठरवताना हा विचार करा, की ही मला तीनशेव्या भागात सोसेल का? दुखऱ्या गुडघ्याने लंगडत चालणं पहिल्या आठवड्यात मोठं अभिनयाचं काम वाटतं. सहा महिन्यांनी तुमचा चांगला गुडघा खरंच दुखायला लागतो, आणि कुठला पाय ओढायचा हे एखाद्या दिवशी चुकतं.

माझी एक चूक सांगते. फार वर्षांपूर्वी एका मालिकेत मला आईची छोटी भूमिका होती. पदराच्या टोकाने चष्मा पुसायची माझ्या मावशीची सवय मी उचलली. खरी होती, घरातली होती, माझ्या हातात बसलेली होती. म्हणून मी ती प्रत्येक दृश्यात केली. भाग लागला तेव्हा एकही राहिली नव्हती. संकलकाने सगळ्या कापल्या होत्या, आणि त्याचं बरोबर होतं. मावशी चष्मा केव्हा पुसायची, ते मी विचारलंच नव्हतं. ती पुसायची ते डोळे भरून आले आणि कुणाला कळू द्यायचं नसलं की. ती तिची पळवाट होती. मी पळवाटेचा हमरस्ता केला होता.

तेव्हापासून मी लकबीबद्दल दोन गोष्टी लिहून काढायला लावते. ती सुरू केव्हा होते, आणि थांबते केव्हा. दुसरी जास्त महत्त्वाची. किल्ल्या खुळखुळवणारा सोसायटीचा सेक्रेटरी ज्या दृश्यात किल्ल्या टेबलावर ठेवून गप्प बसतो, तिथे प्रेक्षक कान टवकारतो. पण त्यासाठी आधीच्या दृश्यांत खुळखुळ मोजकीच आणि नेमक्या जागी झालेली हवी.

आणि एक सीमा. कुणाच्या अपंगत्वातून, तोतरेपणातून, जातीच्या किंवा प्रांताच्या बोलण्यातून हशा काढणारी लकब घेऊ नका. दिग्दर्शकाने सुचवली, तरी शांतपणे दुसरी सुचवा. दिल्लीत बिहारी उच्चार आणि मुंबईत दिल्लीकर उच्चार हे असे फुकटचे हशे आहेत. ज्याची खिल्ली उडते त्याच्या घरातही टीव्ही असतो.

सेट डोळे मिटून यायला हवा

भारतात टीव्ही दिल्लीतच सुरू झाला, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. हिंदीतली पहिली मोठी कौटुंबिक मालिकाही याच भागातली. वर्ध्याचे वसंत साठे माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. मेक्सिकोतल्या मालिकांचा अनुभव पाहून आल्यावर तसं काहीतरी आपल्याकडे करावं ही कल्पना रुजली, आणि ७ जुलै १९८४ पासून ‘हम लोग’ लागली. मनोहर श्याम जोशींचं लेखन, पी. कुमार वासुदेव यांचं दिग्दर्शन, गुडगावातला स्टुडिओ, आणि कलाकार बहुतेक दिल्लीच्या रंगभूमीवरचे. दादी झालेल्या सुषमा सेठ ‘यात्रिक’ या दिल्लीच्या नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी. बडकी झालेल्या सीमा भार्गव म्हणजे आजच्या सीमा पाहवा. बसेसर राम झालेले विनोद नागपाल शास्त्रीय गाणारे.

दादीला कर्करोग झाला, तेव्हा तिला मारू नका म्हणून लोकांनी आग्रह धरला आणि तिचं आयुष्य कथेत वाढवावं लागलं. दीडशेहून अधिक भाग, आणि घर तेच. अशा मालिकेत प्रेक्षकाला घरातली प्रत्येक वस्तू कुठे असते ते नटाइतकंच माहीत होतं. नट जरा अडखळला, की माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वावरतोय हे लगेच दिसतं.

म्हणून चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी लवकर, सहायक दिग्दर्शकाला विचारून अर्धा तास सेटवर मागून घ्या. प्रत्येक कपाट उघडा, कुठलं खरं उघडतं आणि कुठलं नुसतं चिकटवलेलं आहे ते बघा. काडेपेटी कुठे असते, दिव्याचं बटण कुठे, दार आत उघडतं की बाहेर. मग डोळे मिटून खुर्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत जा.

डोळे मिटून म्हणताना मला सई परांजपेंचा ‘स्पर्श’ हा चित्रपट आठवतो. सईताई नाट्य विद्यालयाच्या विद्यार्थिनी, नंतर दिल्ली दूरदर्शनवर निर्मात्या. त्यांचा ‘चश्मेबद्दूर’ही आधी ‘धुआँ धुआँ’ नावाची दूरदर्शनची टेलिफिल्म होता. ‘स्पर्श’ दिल्लीच्या अंधशाळेत चित्रित झाला. नसीरुद्दीन शाह यांनी अंध मुख्याध्यापक अनिरुद्ध उभा केला तो नजर शून्यात लावून नाही, तर हातांनी. स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या खोलीत ते हात चाचपडत नाहीत, ठाम असतात. कुणी मदत करायला पुढे आलं की त्या माणसाचा स्वाभिमान दुखावतो. वस्तू जागेवर असणं हा त्या पात्राचा मानाचा प्रश्न आहे. आणि ‘चश्मेबद्दूर’मध्ये साबण पावडरचं प्रात्यक्षिक दाखवायला आलेली दीप्ती नवल आठवा. बादली, पाणी, मळका टॉवेल, आणि दोन अवघडलेली माणसं. प्रेमाचं दृश्य लिहायचं तर कुणीही फुलं आणली असती. सईताईंनी बादली आणली, त्यामुळे दोघांच्या हातांना उद्योग मिळाला आणि डोळ्यांना मोकळीक.

हाताला उद्योग आणि तोंडाला संवाद, हे दोन्ही एकदम जमायला सराव लागतो. ‘गांधी’ चित्रपटासाठी बेन किंग्जले चरखा शिकले, बोलता बोलता सूत कातता येईल इतके. तुम्हाला कणीक मळायची असेल, पानाला चुना लावायचा असेल, फायलीला नाडी बांधायची असेल, तर ती क्रिया घरी पंधरा दिवस करा. आधी गप्प राहून, मग कविता म्हणत, मग कुणाशी तरी भांडत. भांडताना हात थांबला नाही, की समजा ती तुमची झाली.

दिल्लीतलं मराठी घर

यावर जरा थांबते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हेच काम येणार आहे. हिंदी मालिकेत ‘महाराष्ट्रीयन फॅमिली’ असली, की सेटवर काय येतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय: भलामोठा गणपती, तांबडा दिवा, सकाळच्या चहालाही पैठणी आणि नथ. कलाविभागाचा यात दोष नसतो. त्यांना दोन दिवसांत घर उभं करायचं असतं आणि डोळ्यांसमोर दुसरं चित्र नसतं. ते चित्र तुम्ही द्या.

सरकारी नोकरीमुळे दिल्लीत आलेल्या मराठी कुटुंबाचं घर माझ्या डोळ्यांसमोर आहे ते असं. रामकृष्ण पुरम किंवा सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर. बाहेर जाळीचं दार, खिडकीत कूलर. आत स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय, आणि त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशोब, गॅस लावल्याची तारीख, पुण्याच्या गाडीचं आरक्षण. फळीवर गोड्या मसाल्याची बरणी, जी संपत आली की पुण्याहून येणाऱ्याची वाट बघायची. ज्वारीचं पीठ जपून वापरायचं, कारण कोपऱ्यावरच्या चक्कीवर गहूच दळतात. मदर डेअरीच्या दुधाची बरणी. हिवाळ्यात दिवाणाखालून निघालेली रजई, हीटरसमोर वाळत घातलेले मोजे. देव्हारा छोटा, कपाटाच्या कप्प्यातला. आणि बोलणं? ते घरात मराठीतच, पण ‘सब्जी’, ‘गली’, ‘परसों’ असे शब्द सहज मिसळलेलं. मुलांचं मराठी ऐकून आजी एखादा शब्द सुधारते. ही आजीची फार सुंदर लकब होऊ शकते.

हे सगळं सेटवर एकदम मांडलंत तर प्रदर्शन होईल. एक वस्तू हाताळायला निवडा. मी कालनिर्णय निवडेन. आई त्यावर पेन्सिलीने लिहिते, बाबा उलटून सुट्ट्या मोजतात, मुलगी मागच्या पानावर फोन नंबर लिहून ओरडा खाते. एकाच वस्तूशी तिघांचं तीन तऱ्हेचं नातं दिसलं, की कुटुंब उभं राहतं. फक्त कथेतला महिना आणि पानावरचा महिना जुळतोय ना, ते रोज बघा. प्रेक्षक घरी बसून असल्या चुका फार आवडीने शोधतात.

असंच निरीक्षण परक्या पात्रांसाठीही करावं लागतं, आणि दिल्लीत त्याला तोटा नाही. मेट्रोच्या निळ्या मार्गिकेवर द्वारकेपासून नोएडापर्यंत एकदा नुसतं बसून जा. राजीव चौकला चढणारा माणूस पाठीवरची बॅग पोटावर घेतो. नोएडातल्या इमारतीखालचा पहारेकरी प्लास्टिकच्या खुर्चीवर गादीसारखी जुनी रजई घालतो आणि वहीतलं पेन दोरीने बांधून ठेवतो. खासगी गाडीचा चालक साहेबांची वाट बघताना पिवळ्या फडक्याने पुसलेली काच पुन्हा पुसतो. बघा, पण फोनवर चित्रण करू नका. त्या माणसांनी तशी परवानगी दिलेली नसते. शिवाय वहीत लिहिलेलं निरीक्षण अंगात जास्त मुरतं.

सेटवर गेल्यावर

लकब किंवा वस्तू सुचवायची असेल, तर वाचनाच्या किंवा लुक टेस्टच्या दिवशी सुचवा. कॅमेरा लागल्यावर खिशातून काहीतरी काढून सगळ्यांना चकित करणं हा अपराध आहे असंच समजा. दिग्दर्शकाला सांगा, तो हो म्हणाला की कलाविभागाला, कपडेपटाला आणि कंटिन्युइटी बघणाऱ्या सहायकाला सांगा. स्वतःची वस्तू आणलीत, तर तशीच दुसरी हाताशी ठेवा. एकमेव पेन हरवलं, फुटलं, की चित्रीकरण तुमच्यामुळे अडतं. आजीची अंगठी, आजोबांचं घड्याळ असल्या मोलाच्या चीजा तर आणूच नका. त्यांच्यासारखी दिसणारी घ्या.

कंटिन्युइटीचं भान नटालाही हवं. एकच प्रसंग आधी पूर्ण घेतात, मग जवळून, मग समोरच्याच्या खांद्यावरून. पहिल्या वेळी चहाचा घोट ज्या शब्दावर घेतलात, त्याच शब्दावर प्रत्येक वेळी घ्यावा लागतो, नाहीतर ते तुकडे जुळत नाहीत आणि तुमचा सर्वांत चांगला टेक टोपलीत जातो. संहितेच्या कागदावर त्या शब्दाखाली पेन्सिलीने खूण करा.

यात सर्वांत फसवं विणकाम. दिल्लीच्या हिवाळ्यात दुपारच्या उन्हात बायका हिरवळीवर बसून संत्री सोलत स्वेटर विणतात, आणि ही वस्तू पात्राला फार देते: डोळे सुयांवर असतात, कान दुसरीकडे. पण स्वेटर वाढतो. चित्रीकरण क्रमाने होत नाही. सकाळी बाराव्या भागातलं दृश्य, दुपारी तिसऱ्यातलं. त्यामुळे एकाच लोकरीचे चार अंगुळं, वीतभर आणि हातभर असे तीन तुकडे आधीच विणून घ्यावे, प्रत्येकाला चिठ्ठी लावावी, आणि टेक चालू असताना नुसता हात हलवून टाके पुढे न सरकवण्याचा सराव करावा. मे महिन्यात ४५ अंशांत हिवाळा चित्रित करायची पाळी आली, तर लोकर घामाने हाताला चिकटते. टाल्कम पावडर जवळ ठेवा.

खाण्याची वस्तू घेणार असाल, तर ती पंधरा वेळा खाता येईल का ते विचारा. तुकडा छोटा घ्या, टेक संपला की थुंकायला भांडं मागा. त्यात लाजायचं काही नाही, सगळे तेच करतात. कुरकुरीत वस्तूचा आवाज स्वतःच्या संवादावर पडू देऊ नका, समोरच्याच्या तर मुळीच नको. तुकडा तोडायची जागा म्हणजे दोघांच्या मधली शांतता.

आवाज टिपणाऱ्या माणसाशी मैत्री करा. काचेच्या बांगड्या, किल्ल्यांचा जुडगा, छातीवरच्या माइकला घासणारी ओढणी, चुरचुरणारी प्लास्टिकची पिशवी, या सगळ्यांचा त्याला त्रास होतो. बांगड्यांना आतून दोरा गुंडाळता येतो, किल्ल्यांमध्ये कापडाचा तुकडा घालता येतो, प्लास्टिकऐवजी कापडी पिशवी घेता येते. चष्म्याच्या काचांत दिवे चमकतात. बिनचमकीच्या काचा लावून घ्या, किंवा दुरून घेतलेल्या दृश्यात काचा काढूनच टाका. मनगटावरचं घड्याळ त्या दृश्याच्या वेळेला लावून बंद करून ठेवा.

एका दिवसाची, दोन वाक्यांची भूमिका असेल तर? तिथे वस्तू फार मोलाची, पण ती मुख्य नटाच्या संवादावर आक्रमण करणारी नको. टपाल घेऊन येणारा, दार उघडणारी शेजारीण, ठाण्यातला मुन्शी, यांच्याकडे येण्याआधी ते काय करत होते त्याची एक खूण असावी. शेजारणीच्या हाताला ओलं पीठ लागलेलं असेल तर ती दार कोपराने ढकलते. बस्स, एवढंच. दृश्य मुख्य नटाचंच राहतं आणि तुमच्या घरात काहीतरी शिजत होतं हेही कळतं. ऑडिशनला मात्र सामान नेऊ नका; खिशातलं पेन किंवा फोन पुरे, आणि नसलेली वस्तू हवेत धरल्याचा आव तर नकोच.

कुठे शोधायचं

जुनी लाकडी खुर्ची, टेबल, आरशाचं कपाट हवं तर अमर कॉलनी. नवं फर्निचर कीर्ती नगरला. पितळी भांडी, समया आणि लग्नपत्रिका चावडी बाजारात. जरी, गोटा, मुकुट, रामलीलेचं सामान किनारी बाजारात. जुनी पुस्तकं, डायऱ्या, परीक्षेची मार्गदर्शकं रविवारी दिल्ली गेटजवळच्या महिला हाटमध्ये. दर्यागंजच्या पदपथावरचा तो बाजार २०१९ मध्ये तिथे हलला. गणवेशाचं कापड, पट्टे, बूट कँटोन्मेंटच्या गोपीनाथ बाजारात मिळतात, पण पोलिसाचा किंवा जवानाचा गणवेश निर्मितीसंस्थेनेच परवानगीची कागदपत्रं सांभाळून घ्यावा. तुम्ही तो अंगात घालून चहा प्यायलाही सेटबाहेर जाऊ नका.

खरेदीला जाताना पात्राच्या खिशात जेवढे पैसे असतील तेवढेच घेऊन जा. मुखर्जी नगरमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी रंगवायची असेल, तर तिने चपला घेताना जितकी घासाघीस केली असती तितकी करा. दोन दुकानं फिरा, एक आवडलेली वस्तू महाग म्हणून सोडून या, आणि जी परवडली ती घरी आणून रोज वापरा; बसमध्ये, पावसात, जेवताना. तीन आठवड्यांनी तिच्या कडा झिजतील, पट्टा तुमच्या पायाच्या आकाराचा होईल. पावती जपून ठेवा, कलाविभाग पैसे परत देतो. शेवटच्या दिवशी ती वस्तू नोंदवहीत सही करून परत करा, आणि पुढचं वेळापत्रक लागेपर्यंत ती कुठल्या पेटीत, कुठल्या क्रमांकाखाली ठेवली आहे, ते लिहून घ्या.